धडगावचा फोटो जळगावात का पोचेना: रेडमाईनच्या सर्व्हरचं एक पूर्ण प्रकरण

जळगावातले एक कंत्राटदार आहेत, गावांच्या नळपाणी योजनांची कामं घेतात. विहीर, पंप, पाइपलाइन, टाकी, गावातली वितरण व्यवस्था, सगळं. साइट्स पार लांबवर पसरलेल्या, काही चोपडा-यावलकडे, काही रावेरला, आणि बऱ्याच नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर. सगळे त्यांना अण्णा म्हणतात म्हणून इथेही अण्णाच म्हणतो. त्यांचं सगळं काम व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर चालायचं, प्रत्येक गावाचा एक ग्रुप, आणि बिल काढायची वेळ आली की ऑफिसमधल्या ताई चार-चार महिने मागे स्क्रोल करत बसायच्या.

आता यात खरी गोम कुठे आहे ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं कॉन्फिगरेशन त्यावरच ठरलं. पाइप टाकला, चर बुजवला, की नंतर तो किती खोल गेला होता, खाली मुरूम टाकला होता का, जॉइंट कसा होता, यातलं काहीही दिसत नाही. बुजवायच्या आधी टेप लावून काढलेला फोटो हाच पुरावा. मेजरमेंट बुकात, म्हणजे एम.बी.त (झालेल्या कामाची मापं लिहायची सरकारी वही), नोंद घेताना साहेब तो फोटो मागतात, नसेल तर परत खोदा नाहीतर माप सोडून द्या. म्हणजे एक फोटो हरवला तर सरळ पैसे गेले. त्यामुळे या माणसांसाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर म्हणजे रंगीत चार्ट नाही, साइटवरच्या पोराने काढलेला फोटो त्या कामाला चिकटून कायम राहिला पाहिजे, बस. अण्णा पहिल्याच बैठकीत म्हणाले, "आपल्याले बाकी काही नको भाऊ, कोणत्या गावाचं कोणतं काम कुठं अडकलं आणि त्याचा फोटो, इतकं दिसलं पाहिजे."

रेडमाईन निवडलं. कामांची यादी आणि प्रत्येक कामाची प्रगती ब्राउझरमध्ये दाखवणारं, २००६ पासून चालू असलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, रुबी भाषेतल्या रुबी ऑन रेल्स (थोडक्यात रेल्स) या चौकटीवर लिहिलेलं, जीपीएल लायसन्स म्हणजे कुणालाही मोकळेपणाने वापरता येणारं, माणशी दर महिन्याला भाडं नाही. साइटवरची पोरं हंगामाप्रमाणे कमी-जास्त होतात, त्यात माणशी पैसे भरायचे म्हणजे हिशोबच बसत नाही. गाव म्हणजे प्रोजेक्ट, काम म्हणजे इश्यू (एक नोंद), आणि मूळचे बग-फीचरवाले ट्रॅकर (कामांचे प्रकार) काढून खोदकाम, पाइपलाइन, टाकी, वीज जोडणी, बिल असे केले. हा भाग सोपा आहे, कुणीही करेल, त्यावर जास्त लिहीत नाही.

अण्णांचं पहिलं म्हणणं असं की ऑफिसात एक चांगला कॉम्प्युटर रिकामा पडलाय, त्यावरच टाका, भाडं कशाला भरायचं. म्हणणं चुकीचं नव्हतं, पण दोन-तीन गोष्टी आडव्या आल्या. एक तर मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, रात्री एसी बंद केलेल्या ऑफिसात चोवीस तास मशीन चालू ठेवायचं म्हणजे कधी ना कधी गरम होऊन बंद पडणारच, वरून लाइट जाते ती वेगळीच. दुसरं कारण जास्त पक्कं होतं. राउटरमध्ये जाऊन पाहिलं तर त्याला बाहेरून मिळालेला आयपी (नेटवरचा पत्ता) १०० ने सुरू होणारा, पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मधला. हा पट्टा सीजीनॅटसाठी राखीव आहे, म्हणजे नेट देणारी कंपनी एकच पब्लिक आयपी बऱ्याच ग्राहकांमध्ये वाटते आणि आपल्याकडे खरा पब्लिक आयपी नसतोच. अशा जोडणीवर आतून बाहेर सगळं चालतं पण बाहेरून आत कुणी येऊ शकत नाही, राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरची जोडणी आतल्या मशीनकडे वळवा. बरेच जण इथे तासन्‌तास घालवतात, म्हणून सांगतो, आधी राउटरमधला आयपी आणि बाहेरच्या एखाद्या साइटवर दिसणारा आयपी जुळतो का ते बघा, जुळत नसेल तर पुढचं काहीच करू नका. स्टॅटिक आयपी विकत मिळतो, पण त्याचं भाडं आणि छोट्या व्हीपीएसचं (डेटा सेंटरमधला भाड्याचा आभासी सर्व्हर) भाडं यांत फार अंतर नव्हतं. मुंबईच्या डेटा सेंटरमधला २ जीबी रॅमचा व्हीपीएस घेतला, त्यावर उबंटू २४.०४ ही लिनक्स सिस्टम.

व्हर्जनचं जुळवणं हा रेडमाईनमधला नाजूक भाग आहे. उबंटू २४.०४ सोबत रुबी ३.२ येतं, आणि रेडमाईन ५.१ ला २.७ ते ३.२ पर्यंतचं रुबी चालतं, म्हणून वेगळं रुबी कंपाइल न करता थेट उबंटूचंच वापरता आलं. याचा फायदा असा की सिक्युरिटी अपडेट आपोआप येत राहतात, कुणाला लक्षात ठेवावं लागत नाही. डेटाबेस पोस्टग्रेस १६, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस घेणार असाल तर कॅरेक्टर सेट यूटीएफ-८-एमबी-४ च ठेवा. जुन्या तीन बाइटवाल्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरी बसते, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आहे, त्यामुळे टेस्टिंगमध्ये सगळं बरोबर वाटतं, आणि मग साइटवरून कुणीतरी अंगठ्याचा इमोजी टाकतो, तो चार बाइटचा, आणि तिथे एरर येते. आमच्या पोरांचा अर्धा रिपोर्ट अंगठ्यातच असतो.

अजून एक बारीक गोष्ट: बंडल इन्स्टॉल (रेडमाईनला लागणारे रुबीचे जोडभाग, म्हणजे जेम, आणणारी कमांड) करायच्या आधी डेटाबेस-डॉट-वायएमएल ही डेटाबेसच्या सेटिंगची फाइल भरून ठेवायची, कारण कोणत्या डेटाबेसचं जेम घ्यायचं हे रेडमाईनची जेमफाइल त्याच फाइलमधून वाचते. उलट क्रमाने केलं तर पोस्टग्रेसचं जेम येतच नाही आणि मायग्रेशनला, म्हणजे डेटाबेसमधले तक्ते तयार करताना, विचित्र एरर दिसते.

आता वेब सर्व्हर. रेडमाईन चालवायला प्युमा हा रुबीचा सर्व्हर, आणि पुढे एन्जिनएक्स, जो बाहेरून आलेली रिक्वेस्ट घेऊन प्युमाकडे देतो. प्युमा फक्त १२७.०.०.१ वर (मशीनचा स्वतःचाच पत्ता) ३००० पोर्टला ऐकतो, बाहेरून कुणाला दिसत नाही. फायरवॉलमध्ये २२ (सर्व्हर सांभाळायला), ८० (एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस) ही पोर्ट सोडून सगळं बंद. प्युमाची सिस्टमडी सर्व्हिस बनवली, पडला तर स्वतः उठेल आणि मशीन रीस्टार्ट झालं तरी आपोआप सुरू होईल अशी. चालवणारा युजर वेगळा, त्याला लिहायची परवानगी फक्त फाइल्स, लॉग, टेम्प आणि प्लगइन अॅसेट्स या फोल्डरांत. आणि एन्जिनएक्सचा रूट, म्हणजे तो ज्या फोल्डरमधल्या फाइल बाहेर देतो ते, रेडमाईनच्या पब्लिक फोल्डरवर. पब्लिकवरच, त्याच्या वरच्या फोल्डरवर नाही. वरचं फोल्डर दिलं तर कॉन्फिगमधली डेटाबेसच्या पासवर्डची फाइल ब्राउझरमधून डाउनलोड होऊ शकते, हे मी दुसरीकडे चालू सर्व्हरवर पाहिलंय म्हणून इतकं ठासून सांगतोय.

प्रॉक्सीचे, म्हणजे मध्यस्थ एन्जिनएक्सचे, हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी माहिती) हा पहिला खड्डा. एन्जिनएक्स स्वतःहून पुढे जो होस्ट (साइटचं नाव) पाठवतो तो मागच्या सर्व्हरचा असतो, म्हणजे १२७.०.०.१:३०००, आपलं डोमेन नाही. शिवाय बाहेर एचटीटीपीएस असलं तरी आत प्युमाकडे साधं एचटीटीपी जातं, मग रेल्सला वाटतं फॉर्म दुसऱ्याच साइटवरून आलाय. परिणाम, लॉगिन दाबलं की "इनव्हॅलिड फॉर्म ऑथेंटिसिटी टोकन". पासवर्ड बरोबर, युजर बरोबर, तरी आत घेईना. यावर लोक कुकी साफ करतात, ब्राउझर बदलतात, काही जण ते टोकनचं चेकिंगच बंद करून टाकतात, आणि हे शेवटचं तर अजिबात करू नका, ते चेकिंग आपल्याच संरक्षणासाठी आहे. होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे तीन हेडर एन्जिनएक्समधून पुढे पाठवले की विषय संपतो. एक्स-फॉरवर्डेड-फॉर नसेल तर रेडमाईनच्या लॉगमध्ये प्रत्येक जण १२७.०.०.१ वरून आलेला दिसतो, मग कोण कुठून आलं काही कळत नाही.

एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, सर्टबॉट या प्रोग्रामने. ९० दिवसांचं असतं, ३० दिवस उरले की आपोआप रिन्यू होतं. पण साध्या पद्धतीत लेट्स एन्क्रिप्टवाले तपासणीसाठी ८० पोर्टवर येतात, म्हणून "आता एचटीटीपीएस आहे, ८० कशाला उघडं" म्हणून ते बंद करायचं नाही, तिथून ४४३ वर रीडायरेक्ट ठेवायचं. लावल्याच दिवशी रिन्यूचा ड्राय-रन (नुसती चाचणी) करून बघितला की तीन महिन्यांनी पळापळ होत नाही.

इथपर्यंत झालं, ऑफिसात सगळ्यांनी वापरून पाहिलं, ताईंनी फोटो चढवले, पटापट चढले. अण्णा खूश. मग साइटवरच्या पोरांना लॉगिन दिले आणि धडगावहून फोन आला, "भाऊ, फोटो जाऊनच नाही राहिला."

नेटवर्क खराब असेल असं सगळ्यांना वाटलं, आणि सातपुड्यात नेटवर्क खराब असतंच, त्यामुळे ते पटतंही. पण चोपड्याच्या पोराचाही फोटो जाईना, तिथे तर नेट चांगलं आहे. मग नीट विचारलं, कोणता फोटो, किती एमबीचा, स्क्रीनवर नक्की काय येतं. त्यातून चित्र असं निघालं की छोटे फोटो जातात, तीन-चार एमबीचे फोटो काहीच न सांगता अडकतात, आणि सहा एमबीच्या फोटोवर फाइल मोठी आहे असा व्यवस्थित मेसेज येतो. तीन आकार, तीन वागणुकी. नेटवर्क असं आकार बघून वागत नाही.

रेडमाईनचा प्रॉडक्शन लॉग पाहिला तर अडकलेल्या फोटोंची त्यात एकही ओळ नाही, म्हणजे ती रिक्वेस्ट रेडमाईनपर्यंत आलीच नव्हती. एन्जिनएक्सच्या एरर लॉगमध्ये मात्र ओळीच्या ओळी, क्लायंट फार मोठी बॉडी (रिक्वेस्टमधला मजकूर, इथे फोटो) पाठवू बघतोय अशा. एन्जिनएक्समध्ये क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ नावाची सेटिंग आहे, काही न लिहिता तिची मर्यादा १ एमबी असते, त्याच्या वरचं काही आलं की तो ४१३ (फार मोठं आहे असा एरर) देऊन परत पाठवतो. आणि रेडमाईनची स्वतःची अॅटॅचमेंटची मर्यादा मूळात ५१२० केबी, म्हणजे ५ एमबी. ही दुसरी मर्यादा ब्राउझरलाच आधी सांगितलेली असते म्हणून सहा एमबीला स्पष्ट मेसेज आला. एक ते पाच एमबीच्या मधले फोटो रेडमाईनच्या मते चालणारे आणि एन्जिनएक्सच्या मते न चालणारे, आणि आजकालच्या मोबाइलचा साधा फोटो नेमका याच पट्ट्यात पडतो.

मग ऑफिसात कसं चाललं? ताईंनी टेस्टिंगला जे फोटो घेतले ते व्हॉट्सअॅपवर आलेले होते. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं, दोनशे-तीनशे केबीचा उरतो. तो सगळीकडून निघून जातो. म्हणजे ज्या फोटोसाठी हे सगळं उभं केलं, तो फोटो, कॅमेऱ्यातून थेट निघालेला, कुणी चढवून पाहिलाच नव्हता. मला या पूर्ण प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची ही गोष्ट वाटते. सर्व्हरची टेस्ट ऑफिसच्या वायफायवर ऑफिसच्या फाइलने करून चालत नाही, जो माणूस सगळ्यात लांब आणि सगळ्यात वाईट नेटवर्कवर आहे त्याचा मोबाइल, त्याचा फोटो, त्याची जागा, यावर सेटिंग ठरवायच्या.

आकडे बदलताना एक विचार केला. रेडमाईनची मर्यादा २० एमबी आणि एन्जिनएक्सची २५ एमबी ठेवली. एन्जिनएक्सची मुद्दाम जास्त, म्हणजे कुणी फार मोठी फाइल दिलीच तर नकार रेडमाईनकडून यावा, माणसाला कळेल अशा शब्दांत.

चोपडा लगेच सुरू झालं. धडगाव नाही. आता अॅक्सेस लॉगमध्ये ४०८ (वेळ संपली असा एरर) दिसायला लागले. एन्जिनएक्सचा क्लायंट-बॉडी-टाइमआउट मूळात ६० सेकंदांचा असतो आणि इथे गैरसमज फार आहे, हा वेळ पूर्ण अपलोडसाठी नसतो, दोन तुकड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त किती थांबायचं त्याचा असतो. फोटो दहा मिनिटं हळूहळू येत राहिला तरी चालतो. पण डोंगरात पोरगा एका टेकाडाआड गेला आणि मिनिटभर काहीच आलं नाही की एन्जिनएक्स जोडणी तोडतो, आणि सगळं पहिल्यापासून. हा वेळ ३०० सेकंद केला. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर इतका मोठा टाइमआउट सरसकट लावणं चांगलं नाही, रिकाम्या जोडण्या धरून बसणाऱ्यांना ते सोयीचं पडतं, म्हणून तो फक्त रेडमाईनच्या अपलोडच्या पाथपुरता लावला, बाकी साइट ६० वरच.

इथे एन्जिनएक्स पुढे ठेवण्याचा खरा उपयोगही दिसतो. मूळ सेटिंगमध्ये तो पूर्ण बॉडी आधी स्वतःकडे डिस्कवर गोळा करतो आणि मगच एका दमात प्युमाला देतो, रावेरला केळीचा ट्रक पूर्ण भरल्याशिवाय हलत नाही तसं. त्यामुळे धडगावचा फोटो सहा मिनिटं घेत असला तरी रेडमाईन त्या सहा मिनिटांत मोकळं असतं, ताईंचं बिल उघडायला वेळ लागत नाही. काही ठिकाणी हे बफरिंग बंद करायचा सल्ला देतात, मोठ्या फाइलना वेग येतो म्हणून. आपल्याकडच्या अशा संथ नेटवर्कवर तो सल्ला उलटा पडेल, चालू राहू द्या. फक्त एरर लॉगमध्ये टेम्पररी फाइलमध्ये बॉडी ठेवली अशा वॉर्निंग येत राहतात, त्यांना घाबरायचं नाही, आणि ज्या डिस्कवर ते फोल्डर आहे तिथे जागा ठेवायची.

पण सगळा भार सर्व्हरवर टाकणंही मला पटत नाही. हिशोब साधा आहे: ५ एमबी म्हणजे ४० मेगाबिट, १०० केबीपीएसचं (सेकंदाला १०० किलोबिट) नेट धरलं तर ४०० सेकंद, जवळजवळ पावणेसात मिनिटं. तोच फोटो १ एमबीचा असेल तर दीड मिनिटाच्या आत. टेपवरचा आकडा वाचता यावा यासाठी पन्नास मेगापिक्सेल लागत नाहीत. पोरांच्या मोबाइलमधल्या कॅमेऱ्याचं रिझोल्युशन कमी करून दिलं आणि त्याचा जितका फायदा झाला तितका कोणत्याच सेटिंगने झाला नाही. पाठोपाठ जीझिपही (पान दाबून लहान करून पाठवणं) नीट केलं, कारण उबंटूच्या एन्जिनएक्समध्ये जीझिप चालू दिसतं पण फक्त एचटीएमएलसाठी, सीएसएस आणि जावास्क्रिप्टची ओळ कमेंट करून बंद ठेवलेली असते. ती उघडली की पान उघडायचं वजन बरंच कमी होतं.

मेलचं थोडक्यात. २५ पोर्ट बऱ्याच होस्टिंगवर बंद असतं, ५८७ वरून एका मेल सेवेमार्फत पाठवायचं. आणि रेडमाईनच्या सेटिंगमध्ये होस्टनेम मूळात लोकलहोस्ट:३००० असतं, ते बदललं नाही तर मेलमधली प्रत्येक लिंक तिकडेच जाते आणि साइटवरच्या माणसाच्या मोबाइलवर काही उघडत नाही. शेजारीच प्रोटोकॉल आहे, तोही एचटीटीपीएस करायचा.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे परवानग्या. रेडमाईन ताजं टाकलं की लॉगिन न करता बघायची मुभा असते आणि नवीन प्रोजेक्ट पब्लिक म्हणून तयार होतो. ओपन सोर्सवाल्यांसाठी ठीक आहे, कंत्राटदारासाठी नाही, आपले दर आणि सब-कंत्राटदारांची बिलं गूगलवर कुणाला हवीत? ऑथेंटिकेशन सक्तीचं केलं, नवे प्रोजेक्ट आपोआप खाजगी होतील असं केलं, स्वतःहून नोंदणी बंद केली, आणि अॅडमिनचं मूळचं नाव-पासवर्ड तर पहिल्याच मिनिटाला बदललं होतं. हे सगळं डोमेन लावायच्या आधी करायचं असतं, सर्टिफिकेट निघालं की डोमेनचं नाव जाहीर यादीत जातं आणि थोड्याच वेळात अनोळखी बॉट दार वाजवायला येतात.

बॅकअप रोज रात्री, पोस्टग्रेसचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) आणि सोबत फाइल्सचं फोल्डर. दोन्ही एकत्रच, कारण फोटो डेटाबेसमध्ये नसतात, डेटाबेसमध्ये फक्त त्यांची नोंद असते. नुसता डंप घेतला तर परत आणल्यावर कामांची यादी मिळेल आणि एकही फोटो उघडणार नाही. दुसऱ्या ठिकाणी कॉपी जाते, आणि एका रिकाम्या मशीनवर सगळं परत उभं करून एका गावाचे फोटो ताईंकडून उघडून पाहिले. प्रॉडक्शन लॉगला लॉगरोटेट (लॉग फुगू नये म्हणून जुने काढणारं) आपल्याला लावावं लागतं, एन्जिनएक्सचं पॅकेजसोबत येतं, रेडमाईनचं येत नाही. डोमेन आणि सर्व्हर दोन्ही अण्णांच्या नावावर, त्यांच्या मेलवर, माझ्या नाही. मी उद्या नसलो तरी त्यांचं काम अडायला नको.

एक भाग मात्र सर्व्हरने सुटणारा नव्हता. मोलगीच्या वरच्या काही पाड्यांवर नेटवर्कच नाही, पोरं दिवसभर फोटो काढतात आणि संध्याकाळी खाली आल्यावर एकदम चढवतात. रेडमाईन वेळ लावतं ती चढवल्याची, काढल्याची नाही. कधी बाजाराच्या दिवशीच खाली येतात, मग चर बुजवल्यानंतर चार दिवसांनी फोटो "आलेला" दिसतो आणि एम.बी.च्या वेळी त्यावर प्रश्न उठतो. मूळ फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख-वेळ असते आणि रेडमाईन फाइल आहे तशीच ठेवतं, त्यामुळे ती टिकते, व्हॉट्सअॅपवरून फिरवलेल्या फोटोतून मात्र ती निघून जाते. म्हणून नियम केला की फोटो कॅमेऱ्याच्या गॅलरीतूनच द्यायचा, व्हॉट्सअॅपवरून आलेला चढवायचा नाही, आणि पाइपलाइनच्या ट्रॅकरमध्ये "फोटो काढल्याची तारीख" असं एक सक्तीचं कस्टम फील्ड टाकलं. ताई बिल करताना आता तीच तारीख धरतात, शंका आली तर फाइल उघडून आतली वेळ ताडून बघतात, आणि दोन्ही जुळल्याशिवाय ते माप बिलात घेत नाहीत.